पोस्ट कधी टाकायची? कोकणात बसून लिंक्डइनवर लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. कारखाना बँकेच्या कागदावर. बघायला आलात तर एक बॉयलर, एक ड्रायर, बी फोडायची चार मशिनं, गर सोलायला बसणाऱ्या बायका आणि मी. पुण्या-मुंबईच्या कंपन्या दिवाळीला कर्मचाऱ्यांना सुक्या मेव्याचे डबे देतात, त्यात आपला काजू का नको, या हिशेबाने मी लिंक्डइनवर आलो. पहिले काही महिने प्रत्येक पोस्ट रात्री साडेअकराला टाकली. दिवसा सवड नसायची, आणि आमच्या वाडीत नेट रात्रीच जरा बरं चालतं. सकाळी उठून बघावं तर तीन लाइक. त्यातला एक मस्कतच्या मामेभावाचा, ठरलेला.

त्याला एकदा फोनवर विचारलं, बाबा, तू तरी रोज कसा बघतोस? म्हणाला, "तू टाकतोस तेव्हा आमचे दहा वाजलेले असतात. जेवून आडवा पडलेलो असतो." म्हणजे मस्कतच्या मामेभावासाठी माझी वेळ अगदी बरोबर होती. फक्त काजू त्याला विकायचा नव्हता.

तुमचंही खातं नवं असेल, मग तुम्ही आंबा बागायतदार असा, होमस्टेवाले असा की नोकरी शोधणारे, तर वेळ ठरवायची कशी ते माझ्या पद्धतीने सांगतो. महिनाभराचं काम आहे, खर्च एका वहीचा.

आधी पोस्टचं होतं काय ते समजून घ्या

व्हॉट्सॲपच्या ग्रुपात जो मेसेज शेवटी आला तो खाली दिसतो. लिंक्डइनची फीड, म्हणजे उघडल्यावर समोर येणारी पोस्टींची रांग, तशी वेळेच्या क्रमाने चालत नाही. तुम्ही पोस्ट टाकली की ती आधी तुमच्या ओळखीतल्या काही जणांपुढे जाते. ते थांबले, वाचलं, कुणी दोन ओळी लिहिल्या, तर ती आणखी लोकांपुढे सरकते. म्हणून कधी कधी परवाची पोस्ट आज वर आलेली दिसते. यावरून काहीजण म्हणतात, मग वेळेला अर्थच काय? अर्थ आहे तो सुरुवातीच्या त्या थोड्या लोकांपुरता.

दापोलीजवळ हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला असेल तर हे लगेच पटेल. बोट किनाऱ्याला लागते, टोपल्या वाळूवर उतरतात, आणि भोवती घेणारे उभे असतात. चार जणांनी बोली लावली की लांबचे सात जण मान उंच करून बघायला येतात. तीच सुरमई दुपारी दोनला, वाळूवर कुत्रं नसताना उतरवली, तर सुरमईत खोट काही नाही, पण ती बर्फात जाणार. पोस्टीला बर्फसुद्धा नाही. आणि मासा मुळातच शिळा असेल तर लिलावाची वेळ साधूनही उपयोग नाही; पण चांगलं कसं लिहावं हा आजचा विषय नव्हे.

पहिली पायरी: वीस नावं

वही काढा. तुमची पोस्ट ज्यांनी वाचावी असं वाटतं अशा वीस जणांची नावं लिहा. नावं माहीत नसतील तर हुद्दा लिहा. नावापुढे तीन गोष्टी: कुठल्या गावात असतो, काम काय करतो, आणि त्याचा हात मोबाइलवर कधी मोकळा असतो.

तिसऱ्या रकान्यात डोकं लावायला लागतं, आणि नवखे नेमके तोच गाळतात. "मुंबईतले लोक सकाळी ट्रेनमध्ये मोबाइल बघतात" हे वाक्य मी दहा ठिकाणी ऐकलं. सांगणारा सव्वाआठच्या डोंबिवली फास्टमध्ये कधी चढलेला नसावा. तिथे खिशातला मोबाइल काढायचा तर आधी शेजाऱ्याचं कोपर हलवावं लागतं. उभ्याने कुणी बघितलंच तर रील बघेल. काजूच्या ग्रेडवर प्रश्न विचारणार नाही. तो माणूस ऑफिसात पोचून, घाम पुसून, पहिला चहा घेतो तेव्हा सापडतो, म्हणजे पावणेदहा ते साडेदहा. पुण्यात हिंजवडीला कंपनीच्या बसने जाणारा मात्र बसलेला असतो आणि वाहतुकीत अडकलेला असतो. त्याला साडेआठलाच गाठता येतं. दोघांच्या हुद्द्याचं नाव एकच, वेळ वेगळी.

माझ्या वीसातले तेरा पुण्या-मुंबईतले एचआर किंवा ॲडमिन सांभाळणारे निघाले, चार सुक्या मेव्याचे घाऊक व्यापारी, तीन आखातातले. व्यापाऱ्यांपुढे मी चक्क फुली मारली. ते लिंक्डइनवर खातं ठेवतात, पण भाव फोनवरच करतात.

माझा भाचा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे. करार संपवून घरी आला आणि पुढच्या जहाजासाठी पोस्ट टाकायला लागला रविवारी रात्री, कारण त्याचे बॅचमेट तेव्हा ऑनलाइन दिसायचे. बॅचमेट लाइक देतील, जहाज देणार नाहीत. त्याची वीस नावं लिहून घेतली तर सगळी अंधेरी आणि बेलापूरला जहाज कंपन्यांच्या ऑफिसांत बसणारी निघाली. तो आता कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास लिहितो. खेड तालुक्यात लोटे-परशुरामच्या कंपन्यांत काम शोधणाऱ्यांनी असाच विचार करावा: प्लांटमधली माणसं शिफ्टमध्ये असतात, पण भरतीचं बघणारा जनरल शिफ्टचा, म्हणजे दिवसाच्या ऑफिसवेळेचा असतो. त्याची सोमवारची सकाळ साठलेल्या मेलमध्ये जाते आणि शुक्रवारी चारनंतर त्याचं मन घरी पोचलेलं असतं. मधले तीन दिवस तुमचे.

दुसरी पायरी: घड्याळ लावून घ्या

वाचणारे सगळे महाराष्ट्रातले असतील तर ही पायरी ओलांडा. पण कोकणातल्या घरटी एक माणूस आखातात, म्हणून सांगतो.

दुबई, अबुधाबी आणि मस्कत आपल्या दीड तास मागे. तिथले सकाळचे साडेआठ म्हणजे आपले दहा. रियाध, दोहा, कुवेत अडीच तास मागे, म्हणजे तिथले साडेआठ हे आपले अकरा. सिंगापूर अडीच तास पुढे आहे, तिथल्या साडेआठला आपल्याकडे सहा वाजलेले असतात. लंडनच्या बाबतीत घोळ होतो, कारण तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. तिथले सकाळचे नऊ हिवाळ्यात आपले दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. न्यूयॉर्कचे नऊ हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. आपण घड्याळाला हात लावत नाही, त्यामुळे हे बदल आपल्या लक्षात राहत नाहीत.

तासापेक्षा मोठी चूक वाराची होते. सौदी, कतार, कुवेत आणि ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी ऑफिसं सुरू. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून सरकारी आठवडा बदलला: शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस, शारजात तर शुक्रवारपासूनच तीन दिवस सुट्टी. मी एकदा रियाधच्या एका खरेदीदारासाठी खास पोस्ट तयार केली आणि शुक्रवारी सकाळी अकराला, मोठ्या हुशारीने, टाकली. तास बरोबर काढला होता, वार चुकला. आणि रमजानमध्ये सगळंच सरकतं, ऑफिसचे तास कमी होतात, रात्री लांबतात. त्या महिन्यातल्या नोंदी वहीत वेगळ्या ठेवा.

तिसरी पायरी: दोनच वेळा निवडा

इंटरनेटवर "सर्वोत्तम वेळ" सांगणारे तक्ते ढिगाने आहेत. बफर, हूटसूट, स्प्राउट सोशल अशा कंपन्या पोस्टी आधी ठरवून ठेवायची साधनं विकतात आणि आपल्याच ग्राहकांच्या खात्यांवरून हे तक्ते काढतात. त्यांचं आपसात जुळत नाही. तरी बहुतेक तक्ते आठवड्याच्या मधल्या दिवसांकडे आणि कामाच्या तासांकडे बोट दाखवतात, तेवढं घ्या आणि बाकीचं सोडून द्या.

इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खातं केलं की आपले फॉलोअर कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला जागे असतात ते इनसाइट्समध्ये दिसतं. लिंक्डइन असा तासांचा तक्ता देत नाही. म्हणून स्वतःच करून बघायचं. वीस नावांच्या तिसऱ्या रकान्यात ज्या दोन वेळा जास्त आल्या त्या घ्या. माझ्या आल्या मंगळवारी पावणेदहा आणि गुरुवारी दुपारी एक. पाच वेगवेगळ्या वेळा निवडू नका. महिन्यातून आठ पोस्टी टाकणाऱ्याला पाच वेळांचं काहीच कळत नाही.

आणि एका दिवशी दोन पोस्टी नकोत. पहिली चालायला लागलेली असते तेवढ्यात आपणच तिच्यापुढे दुसरी आणून उभी करतो.

चौथी पायरी: पोस्टीनंतरचा तास मोकळा ठेवा

सगळ्या लेखातलं एकच काही पाळणार असाल तर हे पाळा. जिला प्रश्न विचारला आणि लगेच उत्तर आलं ती पोस्ट हलती राहते. शिवाय विचारणारा तेव्हाच गरम असतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० यांतला फरक दाखवणारी पोस्ट केली होती. हे आकडे म्हणजे एका पौंडात किती गर बसतात त्याची मोजणी. २४० मध्ये दाणा मोठा, ३२० मध्ये थोडा लहान आणि अर्थात स्वस्त. एका तळहातावर हा, दुसऱ्यावर तो, खाली केळीचं पान. फोटो खरंच चांगला आला होता. मंगळवारी पावणेदहाला टाकली, आणि दहाला लाईट गेली. जांभळाचं झाड तारेवर पडलं होतं. तासाभराने टॉवरची बॅटरी बसली, नेट गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेट आलं तेव्हा पोस्टीखाली तीन प्रश्न. त्यातला एक पुण्याच्या मोठ्या कंपनीतून: "३२० चे किती डबे देऊ शकाल?" मी उत्तर दिलं. पलीकडून गोड उत्तर आलं की त्यांनी दुसरीकडे ठरवलं.

त्यात दोष कुणाचा नाही, झाडाचाही नाही. पण तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझा नियम असा: सकाळी आठला आकाश बघायचं, टॉवरच्या दांड्या बघायच्या, आणि घरात दुसऱ्या कंपनीचं एक सिम चालू ठेवायचं. संशय असेल तर पोस्ट उद्यावर. बुधवार म्हणजे काही अमावस्या नाही.

तास मोकळा ठेवायचा म्हणजे मोबाइलला चिकटून बसायचं असंही नाही. आमच्या सोलणीवरच्या काकी एकदा म्हणाल्या, "दादानू, तो मोबायल ठेवा बाजूक, गर करपतले." ड्रायरवर माल होता आणि मी कमेंट वाचत होतो. आता पोस्टीच्या दिवशी ड्रायर साडेदहानंतर लावतो.

पाचवी पायरी: आधी लिहून ठेवा, पण डोळे उघडे ठेवून

पोस्ट लिहायच्या चौकटीत खाली, पोस्ट करण्याच्या बटणाशेजारी, घड्याळाचं चिन्ह असतं. त्यावर दाबून तारीख आणि वेळ भरली की पोस्ट आपोआप जाते. तीन महिन्यांपर्यंत पुढचं ठरवता येतं. पैसे पडत नाहीत. त्याच घड्याळात ठरवून ठेवलेल्या पोस्टींची यादी दिसते, तिथून वेळ बदलता येते किंवा पोस्ट काढून टाकता येते. रविवारी संध्याकाळी निवांत बसून आठवड्याच्या दोन्ही पोस्टी लिहाव्यात हे उत्तम.

एक काळजी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, बाजारपेठ, घरं, गाड्या सगळं. अशा दिवशी आपलं "सुप्रभात मित्रांनो, आमचा नवा डबा बघा" आपोआप जाऊन पडलं तर काय दिसेल, विचार करा. मशीनला पूर कळत नाही. रोज सकाळी बातम्या बघताना मनात एकदा उजळणी करा, आज काही ठरवून ठेवलंय का. ठेवलं असेल आणि दिवस तसला असेल तर काढून टाका.

सहावी पायरी: चार आठवड्यांनी वही वाचा

प्रत्येक पोस्टीला एक ओळ: तारीख, वार, वेळ, विषय, एका दिवसानंतर किती जणांपुढे गेली, आठवड्यानंतर किती, कमेंट किती, आणि खाजगी मेसेज किंवा फोन किती आले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तो लिंक्डइन तुम्हाला भरून देणार नाही.

इथे फसगत होते ती विषयामुळे. मंगळवारी समुद्राचा फोटो टाकला आणि गुरुवारी दरपत्रक, तर मंगळवार जिंकणारच. त्यावरून मंगळवार चांगला असं ठरत नाही, समुद्र चांगला एवढंच ठरतं. म्हणून आलटून पालटून करा: या आठवड्यात मंगळवारी कामाची माहिती आणि गुरुवारी गोष्ट, पुढच्या आठवड्यात उलट. चार आठवड्यांत आठ ओळी होतात. आठ ओळींतून देव दिसणार नाही, पण कल कळतो.

पोस्टीखालच्या इंप्रेशनच्या, म्हणजे पोस्ट किती वेळा दिसली त्या आकड्यावर दाबलं की बघणाऱ्यांचे हुद्दे, कंपन्या, गावं यांची मोजदाद उघडते. आकडा मोठा दिसला की आधी तिथे जा. माझ्या एका पोस्टीने चांगलं उड्डाण घेतलं, मी खूश; आत बघतो तर बघणारे बहुतेक इंजिनीअरिंगचे विद्यार्थी. पोरांनी काजू खावा, माझं काही म्हणणं नाही, पण डब्यांची ऑर्डर त्यांच्या हातात नसते.

आणि घड्याळाच्या आधी कॅलेंडर

हे मला उशिरा कळलं. काजूची बी येते फेब्रुवारी ते मे. तेव्हा अंगण भरलेलं, लाल-पिवळी बोंडं, ऊन, फोटो असे की काढताना हात थांबत नाही. मी ते तेव्हाच टाकत होतो. पण दिवाळीचे डबे कुठून घ्यायचे याची बोलणी कंपन्यांत, मी पाहिलं त्यात, ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात. मेमधली पोस्ट तोवर कुणाला आठवणार? आता फोटो मार्चमध्ये काढतो, ठेवून देतो, आणि ऑगस्टमध्ये बाहेर काढतो. पावसात ऊन बघून लोक थांबतातही.

आंबेवाल्यांनी हेच उलट करावं. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ साली, ते सगळ्यांच्या पोस्टीत असतं. पण पोस्ट येते एप्रिल-मेमध्ये, पेटी हातात आल्यावर. घरगुती गिऱ्हाइकाला ते चालतं. परदेशी आयातदाराला नाही. अमेरिकेत आपला आंबा २००७ पासून जातो आणि तो विकिरण करूनच, म्हणजे कीड मारायला किरणांखालून काढूनच पाठवावा लागतो. एवढी जुळवाजुळव करणारा माणूस मेमध्ये फोटो बघून पेटी मागवत नाही. त्याच्यासाठी मोहोर आला की लिहायला लागा.

होमस्टेवाल्यांसाठी रेल्वेचं आरक्षण हेच पंचांग. १ नोव्हेंबर २०२४ पासून गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी १२० दिवसांची मुदत होती. तारकर्लीला टीम घेऊन यायचं ठरवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसने तिकिटं काढायची तर निर्णय त्याच्याही आधी व्हायला हवा. म्हणजे नाताळच्या खोल्यांची पोस्ट ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. डिसेंबरमध्ये टाकलेली पोस्ट वाचून लोक हळहळतात, येत नाहीत.

याच हिशेबाने एक वेळ कायमची टाळा. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं त्या दिवसांत सकाळी आठला सगळा चाकरमानी कोकणकन्येच्या तिकिटासाठी बोट टेकवून बसलेला असतो. तेव्हा तुम्ही सोन्याचे काजू दाखवलेत तरी बघणार नाही. आणि साडेआठला वेटिंग हातात पडल्यावर तर अजिबातच नको. खुद्द गणपतीत आणि शिमग्यात आपणही लिहू नये, तेव्हा माणसं घरी येतात, त्यांच्याशी बोलावं.

माझं सध्याचं असं आहे: गुरुवार एक वाजता बंद केला, जेवणाच्या वेळी वाचणारे येत होते पण विचारणारे नाहीत. त्याऐवजी बुधवारी सव्वादहा धरून बघतोय. दोन आठवडे झाले, वहीत चार ओळी आहेत. परवाच्या पोस्टीखाली नाशिकच्या एका बाईंनी विचारलंय, पाकळी काजू मिळेल का, मिठाईला लागतो. त्यांचं नाव वीसात नव्हतं. एकविसावं लिहिलं.